‘अप्रभावी’ शेंग : एका पारिभाषिक संज्ञेचे परीक्षण

आनुवंशिकीच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ ही जोडी इतकी रुळली आहे की, तिच्या अर्थाकडे सहसा कोणी पाहत नाही. घेवड्याच्या शेंगेचा रंग हे उदाहरण घेतले म्हणजे मात्र तिचा उणेपणा उघड होतो.

प्रथम ‘घेवडा’ या शब्दाविषयीच सावध राहणे अवश्य आहे. पुणे जिल्ह्यात जो श्रावणघेवडा तीच मुंबईकडे फरसबी. राजमाही त्याच जातीचा. वालघेवडा मात्र सर्वस्वी निराळी वनस्पती. प्रस्तुत विवेचन श्रावणघेवड्यापुरते आहे.

मेंडेलचा प्रबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव वाटाण्याशी जोडले गेले असले, तरी त्याच प्रबंधात घेवड्याचेही प्रयोग आहेत. हिरव्या व पिवळ्या शेंगांच्या संकरात हिरवा रंग वरचढ ठरला. जो गुण संकरात दिसेनासा होतो आणि पुढील पिढीत जसाच्या तसा परत येतो, त्याला मेंडेलने लॅटिन धातूवरून ‘मागे सरणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘अप्रभावी’ या संज्ञेत ही परत येण्याची गोष्ट उरलीच नाही. उरला तो केवळ प्रभावाचा अभाव.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरकडील एखाद्या मळ्यात अशा संकराची दुसरी पिढी लावली, असे समजू. तीन झाडे हिरव्या शेंगांची, तर एक पिवळ्या, असे साधारण प्रमाण पडेल. घेवडा बहुतांशी स्वपरागित असल्याने पिवळ्या झाडाचे बी धरले तर पुढेही पिवळ्याच शेंगा येतील. हिरव्या तिघांपैकी मात्र सरासरीने एकच शुद्ध. उरलेल्या दोघांच्या पोटी पिवळा दडलेला. बियाणे राखणाऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा असे झाड कोणते? पुस्तक ज्याला ‘अप्रभावी’ म्हणते तेच. विद्यार्थ्याची समजूत मात्र नेमकी उलट होते: हिरवे ते सबळ व शुद्ध, पिवळे ते दुबळे किंवा भेसळीचे.

आणखी एक अडचण. दुसऱ्या एका जनुकाचे असेच मागे सरणारे रूप हिरव्या शेंगेस रुपेरी छटा देते, आणि पिवळ्याच्या जोडीस आले की शेंग पांढरट होते. दोन ‘अप्रभावी’ मिळून एवढा ठळक प्रभाव पाडतात, हे वाक्य मराठीत लिहून पाहावे!

ही जोडी परीक्षेस सोयीची आहे, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. ‘सुप्त’ हा पर्याय सुचतो. पण पिवळ्या शेंगेत निजलेले असे काहीच नसते. त्यापेक्षा ‘प्रच्छन्न’ बरा. शुद्ध पिवळ्या वाणात हा गुण उघडच असतो, हा आक्षेप त्यालाही लागू आहे. तथापि जे झाकले गेले ते पुन्हा प्रकट होऊ शकते, एवढी सूचना तरी त्यात आहे. रूढ संज्ञा बदलणे शक्य नसेल, तर पाठ्यपुस्तककारांनी तिच्या पहिल्याच उल्लेखापाशी मेंडेलची मूळ व्याख्या आणि त्या तीन हिरव्या झाडांचा हिशेब द्यावा.