वारसाचे कागद आणि एकटें नांव : नगर प्रांतांतील दाखल्यांची छाननी

अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जुन्या ग्रामव्यवस्थेविषयीं लिहूं जाणारास कॅप्टन गुडाइन याचा अहवाल टाळतां येत नाहीं. दख्खनच्या ग्रामसंस्था आणि विशेषेंकरून नगर कलेक्टरींतील गांवकामगारांचे हक्क हा त्याचा विषय. १८४५ सालचा हा अहवाल मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालेंत १८५२ सालीं छापला गेला. वडिलार्जित जमीन व वतन एका पिढीकडून दुसरीकडे कसें जात असे याविषयीं त्यांत जें सांगितलें आहे, तें पुढील अभ्यासकांनीं वारंवार आधारास घेतलें. तें कितपत घ्यावें, आणि त्यामागून झालेल्या सरकारी दाखल्यांवर कितपत भिस्त ठेवावी, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. या दाखल्यांवरून घराण्यांच्या वंशावळी छापल्या जातात. आणि दाखल्यांत ज्यांचें नांव नाहीं त्यांस हक्कच नव्हता, असें त्यांवरून सहज लिहून टाकलें जातें.

प्रथम गुडाइनचा गुण सांगितला पाहिजे. गांव म्हणजे सुट्या कुळांचा समूह नसून मूळ घराण्यांच्या जमिनींचे मोठे वांटे, म्हणजे जथे, मिळून तो झाला आहे, हें त्यानें ओळखलें. जथ्यांतील एक घरभाऊ सारा देण्यास चुकला तर बाकीच्यांनीं भरावा. एकाचा वंश खुंटला तर त्याची जमीन उरलेल्या घरभावांत वांटली जावी, हा व्यवहार त्यानें नोंदला. इंदापुराकडे १८३६ पासून सुरू झालेली मोजणीची नवी पद्धति पुढें सर्व देशभर पसरली. तीत प्रत्येक खातें स्वतंत्रपणें सरकारास जबाबदार झालें आणि जथ्याची एकत्र जबाबदारी मोडली. तत्पूर्वीच्या व्यवहाराचें हें चित्र म्हणून अहवालाची किंमत मोठी आहे.

परंतु त्याचे दोन दोष ध्यानीं ठेवावे लागतात. पहिला प्रदेशाचा. गुडाइनची नगर कलेक्टरी म्हणजे पुढचा नगर जिल्हा नव्हे. नाशिकचा मुलूख तेव्हां तीत मोडत असे. निराळा नाशिक जिल्हा १८६९ सालीं झाला. उलट श्रीगोंद्याचा भाग त्या वेळीं शिंद्यांकडे होता. म्हणून अहवालांतील विधान अमुक तालुक्यास लावण्यापूर्वीं तो तालुका तेव्हां कोणाच्या अमलांत होता हें पाहणें अवश्य आहे. दुसरा दोष तर्काचा असून तो गुडाइनपेक्षां त्याच्या वाचकांचा अधिक आहे. एकत्र जबाबदारी दिसली कीं एकत्र मालकी होती असें अनुमान काढण्यांत आलें. डॉ. अ. स. आळतेकर यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांवरील आपल्या १९२७ सालच्या ग्रंथांत सामायिक मालकीच्या या कल्पनेस विरोध केला, तो आम्हांस योग्य वाटतो. मिरासदार आपल्या जमिनीचें खरेदीखत करून देत असे, आणि गोताची साक्ष त्यावर पडत असे. साक्ष घेतली एवढ्यावरून गोत मालक ठरत नाहीं.

सामायिक मालकीचा भ्रम असा एका टोंकाचा. दुसऱ्या टोंकाचा भ्रम त्याहून घातक आहे. तो पुढच्या काळच्या सरकारी दाखल्यांनीं उत्पन्न केला. या दाखल्यांत बहुधा एकच नांव असतें, आणि वाचणारा त्यास एकटा मालक समजतो. हे दाखले तीन प्रकारचे आहेत. त्यांचा कायदा पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं.

पहिला प्रकार १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाखालील वारसाच्या दाखल्याचा. मयताचा वारस म्हणून कोर्टानें कोणास मान्य केलें हें त्यावरून कळतें. पण दाखल्यानें मिळकतीवर हक्क उत्पन्न होत नाहीं, तूर्त कायदेशीर वहिवाट कोणाकडे आहे एवढेंच तो दाखवितो, असें त्या रेग्युलेशनांतच म्हटलें आहे. ज्या कागदानें स्वतःच आपली मर्यादा सांगितली, त्याच्यावर मर्यादेबाहेरचें ओझें संशोधकानें कां घालावें ?

दुसरा प्रकार खातेवहीचा. १८७९ च्या जमीनमहसूल कायद्याप्रमाणें खातेदार मयत झाला म्हणजे कलेक्टरानें त्याच्या वारसाचें नांव लावावें; वारस अनेक असल्यास त्यांतील वडिलाचें किंवा प्रमुखाचें लावावें. सरकारास सारा मागण्यास एक मनुष्य हवा होता, म्हणून एक नांव लागलें. धाकटे भाऊ आपापलें शेत वाहत होते, वडील भावाच्या हातीं सारा देत होते, आणि वहींत कोठेंच दिसत नव्हते. हक्कनोंदणीची निराळी पद्धति १९०३ च्या कायद्यानें आली आणि फेरफाराच्या नोंदी होऊं लागल्या. त्यानंतर हिस्सेदारांचीं नांवें उजेडांत येऊं लागलीं. मधल्या काळांतील खातेवही पाहून धाकट्या शाखेची जमीन गेली होती, असें म्हणणें म्हणजे वसुलीच्या सोयीस इतिहास समजणें होय.

तिसरा प्रकार वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्यानें चाकरीसाठीं प्रतिनिधी वतनदार ठरविण्याची रीत घातली. पाटिलकीच्या दोन तक्षिमा असल्या, वडील व धाकटी, तर काम पाळीनें चाले. मानपान मात्र बहुधा वडील तक्षिमेकडे राही. प्रतिनिधीचें नांव म्हणजे काम कोणीं करावें याचें उत्तर आहे. उत्पन्न कोणीं खावें याचें उत्तर निराळें असूं शकतें. येथपर्यंत चूक केवळ वाचनाची होती. पण १८८६ च्या पांचव्या कायद्यानें मूळ क्रमच बदलला. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा वगळून वतनदार घराण्यांतील प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या द्वारें हक्क सांगणारा प्रत्येक मनुष्य, वारसाच्या क्रमांत पात्र पुरुषांच्या मागें टाकला गेला. नगराकडे मिताक्षरा व व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ मानले जात. विभक्त झालेल्या निपुत्रिकाच्या मागें पत्नी आणि तिच्यामागें कन्या, हा मिताक्षरेचा क्रम प्रसिद्ध आहे. १८८६ नंतर विधवा वारली म्हणजे वतनापुरती तिची कन्या मागें सरे आणि दूरचा भाऊबंद पुढें येई. असें असतां १८८६ नंतरच्या नोंदी दाखवून ‘वतन मुलीकडे जात नसे, ही पूर्वापार वहिवाट’ असें लिहिणें हा कालविपर्यास आहे. वहिवाट तशी असेलही. परंतु ती त्यापूर्वींच्या कागदांनीं सिद्ध केली पाहिजे, नंतरच्या नोंदींनीं नव्हे.

मग प्रमाण कोठें शोधावें ? आमच्या मतें घरगुती वाटणीपत्रांत आणि त्यांसोबतच्या यादींत. महजरांचें महत्त्व आतां सर्वांस पटलें आहे, डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ सालच्या ग्रंथानें त्या कामास मोठें साहाय्य झालें. पण महजर भांडणाचा कागद आहे. ज्या घरांत भांडण झालें नाहीं त्यांचा व्यवहार वाटणीच्या यादींतच उरतो. हिस्से सारखे करून चिठ्ठ्या टाकल्या कीं वडिलास कांहीं अधिक दिलें, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या, आईच्या अन्नवस्त्राचा भार कोणीं घेतला, लग्नाच्या बहिणीसाठीं काय राखून ठेवलें, वडिलांचें देणें कोणीं वारलें, हें त्या यादींतून कळतें. खातेवहींतील एकट्या नांवामागचीं चार माणसें तेथें भेटतात. यादीसही दोष आहेत. ती पुष्कळदां मितीवांचून असते, तीवर शिक्का नसतो, आणि ठरल्याप्रमाणें ताबा मिळाला कीं नाहीं हें ती सांगत नाहीं. म्हणून ती दाखल्याशीं ताडून पाहावी. दोहोंचा मेळ बसला तर उत्तम. न बसला तर दाखला खरा आणि यादी खोटी असें आधींच धरून चालूं नये.

कागद छापणारांस आमची सूचना एवढीच कीं, वारसाचा कोणताही लेख प्रसिद्ध करतांना तो कोणत्या कायद्याखालीं आणि कोणत्या कामासाठीं झाला हें शिरोभागीं द्यावें, आणि साक्षींचीं नांवें गाळूं नयेत. धाकट्या शाखेचा माणूस पुष्कळदां साक्षीच्या ओळींतच सांपडतो. संग्राहकांस विनंती थोडी अधिक आहे. शिक्क्याचा महजर जपला जातो आणि त्याच रुमालांतील बिनशिक्क्याची यादी रद्दींत जाते, असें होऊं देऊं नये. रुमाल फोडून एकेक कागद निराळा केला कीं त्याचा अर्थ निम्मा होतो. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलक्या १९६२ च्या कायद्यानें संपल्या. त्या हक्कांसाठीं आतां कोणी भांडावयाचें नाहीं, आणि म्हणूनच ते कागद घरांतून बाहेर पडत आहेत. ते एकत्र राहिले तर ज्या भावाचें व ज्या बहिणीचें नांव सरकारानें लिहिलें नाहीं, त्यांचा हक्क निदान इतिहासांत तरी नोंदला जाईल.