लहान नाटकें आणि शहापूर-मुरबाडचा रंगमंच

गणेशोत्सव, शाळेचें स्नेहसंमेलन किंवा गांवची जत्रा जवळ आली कीं शहापूर-मुरबाडकडील हौशी मंडळींपुढें एक जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो : यंदा नाटक कोणतें बसवावें? पुष्कळ ठिकाणीं ह्या प्रश्नाचें उत्तर 'कोणतेंच नको' असें येतें, आणि ध्वनिक्षेपकावर चित्रपटांतील गाणीं लावून मुलामुलींचे नाच बसविले जातात. नाचाला आमचा विरोध नाहीं. परंतु वर्षांतून ज्या एका रात्रीं सारा गांव एकत्र बसून कांहीं ऐकावयास तयार असतो, त्या रात्रीं गांवांतल्या एकाहि मुलाच्या तोंडून एक धड वाक्य ऐकूं येऊं नये, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते. म्हणून आज आम्ही लहान नाटकांचा, म्हणजे एकांकिका आणि एकपात्री प्रयोग ह्यांचा, ह्या दोन तालुक्यांच्या दृष्टीनें विचार करणार आहों.

मोठें नाटक न होण्याचीं कारणें खोटीं नाहींत. मुंबई इतकी जवळ असूनहि येथून नाट्यगृह दूर आहे. शहापूरला निदान आसनगांव स्टेशन आहे. मुरबाडला अजून आगगाडी नाहीं, कल्याणची एस. टी. धरावी लागते. नाटक पाहावयाचें तर कल्याणचें आचार्य अत्रे रंगमंदिर गांठावयाचें, आणि रात्रीं परतण्याची चिंता अगोदर करावयाची. व्यावसायिक मंडळींचें नेपथ्य, दिवे आणि नटसंच हा सारा लवाजमा डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसई येथें नेणें सहसा कोणाला परवडत नाहीं. तीन अंकी नाटक गांवकऱ्यांनींच बसवावें म्हटलें, तर भाताचीं कामें सांभाळून दहा-बारा माणसांनीं दोन महिने रोज तालमीस जमणें दुर्घट. मग उरतें तें लहान नाटक. परंतु लहान नाटक करणें म्हणजे दुधाची तहान ताकावर भागविणें, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

ह्या मुलखाला लहान नाट्य परकें नाहीं. ठाणे, पालघर व नाशिक ह्या जिल्ह्यांच्या डोंगरपट्टींत बोहाड्याची परंपरा आहे. रात्रीं मशालींच्या उजेडांत, वाद्यांच्या तालावर एकेक सोंग मुखवटा चढवून पुढें येतें, आपला नाच करून मागें सरतें आणि दुसऱ्यास वाट देतें. पुढें पडदा नाहीं, मागें देखावा नाहीं. मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौषी पौर्णिमेस जत्रा भरते, तेथें गुरांच्या बाजाराबरोबर तमाशाचे तंबूहि ह्याच लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. जो प्रेक्षक मुखवट्याच्या हेलकाव्यावरून देव कोणता आणि राक्षस कोणता हें ओळखतो, त्याला एका खुर्चीचें घर आणि एका घागरीची विहीर केलेली समजणार नाहीं, असें मानणें हा त्याचा अपमान होय.

एकट्यानें बोलावयाच्या नाट्याचा मराठींतील पाया दिवाकरांनीं घातला. शंकर काशीनाथ गर्गे हें त्यांचें नांव, व्यवसाय शिक्षकाचा. ब्राउनिंग ह्या इंग्रज कवीच्या नाट्यात्मक कवितांपासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. १९३१ सालीं ते वारले. आजच्या लेखकांकडे वळण्यापूर्वीं त्यांचें नांव घेण्याचें कारण असें, कीं एकपात्री लेखनाची परीक्षा कशी करावी हें त्यांच्याकडून शिकावें. नाट्यछटेंत बोलणारा एकच असला तरी ऐकणारा दुसरा कोणी बहुधा तेथें असतोच. तो दिसत नाहीं, त्याचे शब्द आपल्या कानीं पडत नाहींत. पण बोलणाऱ्याच्या थबकण्यावरून, उलटून विचारण्यावरून तो काय म्हणाला असेल हें आपण ताडतों.

ह्याच्या उलट विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) ह्या नाटकांतील बेणारेबाईंचें प्रसिद्ध स्वगत घ्या. तेथें रंगमंचावर माणसें पुष्कळ आहेत, पण तीं गोठल्यासारखीं स्तब्ध आहेत. बाईंचें बोलणें त्यांपैकीं कोणालाच ऐकूं जात नाहीं. न ऐकणाऱ्यांची ती गर्दी हाच त्या स्वगताचा अर्धा अर्थ आहे. स्पर्धांतून हें स्वगत सुटें काढून एखादी मुलगी एकटीच म्हणते, तेव्हां टाळ्या मिळतात, पण आरोप कोणावर आहे तें हरवतें. म्हणून तें करावयाचेंच असेल तर मागें पांच-सहा माणसें न हलतां, न बोलतां बसवावीं, अशी आमची सूचना आहे. नव्या लेखकाचें कोणतेंहि एकपात्री हातीं आलें कीं प्रथम हेंच विचारावें : हें कोणापुढें बोललें जात आहे? ज्या लेखनांतून ह्याचें उत्तर मिळत नाहीं तें व्याख्यान होय, नाट्य नव्हे.

आतां आमच्या शिफारशी. ह्या दोन तालुक्यांत अगत्यानें व्हावी अशी पहिली एकांकिका प्रेमानंद गज्वी ह्यांची 'घोटभर पाणी' (१९७७). नट दोनच. विषय पाण्याचा आणि अस्पृश्यतेचा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्यानंतर पन्नास वर्षांनीं लिहिलेल्या नाटकालाहि घोटभर पाण्यासाठींच बोलावें लागावें, हा त्याचा सल आहे. शहापूर तालुक्यांत ह्या नाटकाला आणखी एक अर्थ येतो. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. भातशाचें पाणीहि मुंबईकडे जातें. आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर हंडे मांडून बायका टँकरची वाट पाहत असतात. तेव्हां पाणी हा शब्द उच्चारतांच येथील प्रेक्षक कान टवकारील, ह्यांत शंका नाहीं. मात्र दिग्दर्शकानें एक पथ्य पाळावें. टँकरचा अर्थ जोडण्याच्या मोहांत जातीचा प्रश्न पातळ करूं नये. कोरडी विहीर सर्वांना सारखीच कोरडी असते. भरलेली विहीर सर्वांना सारखी नसते. नाटक ह्या दुसऱ्या विहिरीविषयीं आहे.

दुसरी शिफारस सुषमा देशपांडे ह्यांच्या 'व्हय मी सावित्रीबाई' (१९८९) ह्या एकपात्री प्रयोगाची. लेखिकेनें तो स्वतः रंगमंचावर केला आणि शहरांबरोबर खेड्यांतहि नेला. १८४८ सालीं पुण्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां तेथें शिकवावयास उभी राहिलेली सावित्रीबाई आपल्याशीं थेट बोलते. मघाशीं आम्ही जो प्रश्न केला, त्याला येथें सरळ उत्तर आहे : ऐकणाऱ्या म्हणजे समोर सतरंजीवर बसलेल्या बायाच. नांवांतला 'व्हय' हाहि शोभेसाठीं घातलेला ग्रामीण शब्द नव्हे. ही बाई पुस्तकांतून नव्हे, तर आपल्या ओसरीवरून बोलत आहे, असें तो पहिल्याच क्षणीं सांगतो. शाळेंतील शिक्षिका, अंगणवाडीच्या ताई किंवा बचत गटांतील एखादी धीट बाई हा प्रयोग करूं शकेल. नेसतें लुगडें आणि एक चौरंग एवढें साहित्य पुरे. धोका एकच, भक्तीचा. सावित्रीबाईंचा देव्हारा मांडला, आवाज गहिंवरून आणला, कीं अंगावर शेण झेलून शाळेंत जाणारी ती हट्टी बाई नाहींशी होते आणि तसबीर तेवढी उरते.

कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठीं आम्ही महेश एलकुंचवारांची 'होळी' सुचवितों. सणाच्या दिवशीं सुटी न मिळाल्यानें चिडलेलीं मुलें, त्यांचा हूडपणा, मग त्या हूडपणाचें क्रौर्य, आणि शेवटीं त्यांच्यांतल्याच एका दुबळ्या मुलाचा बळी, असा तिचा प्रवास आहे. १९८४ सालीं केतन मेहता ह्यांनीं ह्याच एकांकिकेवरून हिंदी चित्रपट काढला. ह्यांतील भाषा रांगडी आहे. आईबाप मंडळी ती ऐकून प्रथम बिचकतील. आमचें सांगणें असें, कीं बिचकावें, पण उठून जाऊं नये. वसतिगृहांत एकट्या पडलेल्या मुलाचा छळ ही गोष्ट शहरापुरती नाहीं. आपल्या मुलाला कोणी छळतें काय, हें आपण विचारतों. आपला मुलगा कोणाला छळतो काय, हें विचारावयास 'होळी' लावते. मात्र ही एकांकिका जाणत्या शिक्षकाच्या हाताखालींच बसवावी. नुसत्या आरडाओरड्यानें तिचा तमाशा होतो.

लोकप्रिय एकपात्रींत लक्ष्मण देशपांडे ह्यांचें 'वऱ्हाड निघालंय लंडनला' वगळून चालणार नाहीं. २००९ सालीं ते निवर्तले, पण एका नटानें बावन्न पात्रें उभीं करण्याचा तो चमत्कार महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्यांतील माणसें खरीं आहेत, कारण लेखकानें मराठवाड्याची बोली कानानें टिपली होती. अडचण आहे ती अनुकरणाची. तीच बोली, तेच हेल उसने घेऊन मुरबाडचा मुलगा हंशा पिकवूं लागला, म्हणजे खेडवळ बोलणें हेंच हास्यास्पद असें तो आपल्याच भावंडांना शिकवीत असतो. त्या प्रयोगापासून शिकण्याजोगें आहे तें कान उघडे ठेवणें. म्हशाच्या बाजारांत बैल विकणारा शेतकरी, कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणारा नोकरदार, ह्यांची चाल आणि बोल जो पोरगा नीट टिपील, त्यानें देशपांडे ह्यांचें खरें ऋण मान्य केलें असें आम्ही म्हणूं.

येथवर स्तुति झाली. आतां थोडी तक्रार. मराठी एकांकिका आज मुख्यतः स्पर्धांवर जगत आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे; तिनें आणि तिच्या भावंडांनीं रंगभूमीला किती नट-लेखक दिले ह्याची गणतीच नाहीं. हें ऋण मान्य करूनहि असें म्हणावें लागतें, कीं स्पर्धेसाठीं लिहिलेल्या पुष्कळ एकांकिका परीक्षकांच्या खुर्च्यांकडे तोंड करून उभ्या असतात. निम्मा अर्थ दिव्यांच्या उघडझापींत, पाव अर्थ ध्वनिमुद्रित संगीतांत, उरलेला संवादांत. अशी संहिता शाळेच्या पटांगणांत आणली कीं पांगळी होते. म्हणून निवड करणाऱ्यांस आमची साधी कसोटी : संहिता एका बल्बखालीं मोठ्यानें वाचावी. वीज गेली तर कंदिलाच्या उजेडांत वाचावी. तरीहि ऐकणारा जागचा हलला नाहीं, तर ती आपली.

आणि ह्याहून मोठी उणीव अशी, कीं वर सांगितलेल्या नाटकांत शहापूर-मुरबाडचा माणूस स्वतः बोलत नाहीं. दिवाळीनंतर येथील कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचें स्नेहसंमेलन ज्या थंडीच्या दिवसांत होतें, त्याच दिवसांत त्या कुटुंबांतलीं मुलें भट्टीवर असतात. म्हणजे नाटक गांवांत झालें तरी गांवांतलीं कांहीं मुलें त्याला मुकतात. तीन अंकी नाटक भट्टीवर जाऊं शकत नाहीं. एक नट आणि एक पिशवी एस. टी.नें कोठेंहि जाऊं शकतात. लहान नाटकाचा आम्ही इतका आग्रह धरतों ह्याचें खरें कारण हेंच आहे.

परंतु तेथें जाऊन बोलावयाचें काय? भट्टीवरच्या बाईचें, उचल घेऊन अडकलेल्या तिच्या नवऱ्याचें, धरणांत जमीन गेलेल्या म्हाताऱ्याचें स्वगत, त्यांच्याच बोलींत, कोणी लिहावयाचें? जालना जिल्ह्यांतील जांब समर्थ ह्या खेड्यांत शेती करणारे राजकुमार तांगडे नाटककार झाले, आणि त्यांचें 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) सगळ्या महाराष्ट्रानें पाहिलें. जांब समर्थास जें साधलें तें डोळखांबास किंवा धसईस साधूं नये, असें कांहीं नाहीं.

तूर्त वरील नाटकांपासून आरंभ करावा. ज्यांची संहिता घ्यावयाची त्या लेखकाची परवानगी मागावी आणि त्याचें मानधन, अल्प कां होईना, न चुकतां पोंचवावें. गांवचा मांडववाला फुकट राबत नाहीं, मग लेखकानेंच कां राबावें? घरोघरच्या वडील मंडळींनीं मुलांच्या तालमीस एखादे संध्याकाळीं जाऊन बसावें. आणि शिक्षकांनीं, प्रयोग झाल्यावर, मुलांना एवढेंच सांगावें : आतां आपल्या आजीचें बोलणें एका पानावर लिहून आणा, तिच्यापुढें कोण बसलें आहे तेंहि लक्षांत ठेवून लिहा. त्या शंभर पानांत एक पान जरी बोलकें निघालें, तरी ह्या तालुक्यांना आपला नाटककार मिळावयास आरंभ झाला असें आम्ही समजूं.