ब्रेकचा दिवा लागतो, म्हणजे स्विच चांगला?

ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’मधून निघत नसला की दुरुस्ती सांगणारे बहुतेक लोक एकच पहिली पायरी देतात. ब्रेक दाबा, मागचा दिवा बघा. लागला तर स्विच ठीक. चाचणी फुकटात होते, म्हणून मला आवडते. निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे.

दिवा लागला नाही, तर फ्यूज, वायरिंग किंवा स्विचवर संशय घेणं रास्त. लागला तर? अनेक गाड्यांच्या ब्रेक स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात. एक दिव्याला करंट देतो, दुसरा कंट्रोल युनिटला ‘ब्रेक दाबलाय’ असं कळवतो. पहिला शाबूत आणि दुसरा गेलेला असू शकतो. म्हणजे आपण मोजतोय दिवा आणि बोलतोय इंटरलॉकबद्दल! पेपर वाचतानाही हे तपासत जा: मोजलं काय, दावा कशाचा?

त्यापेक्षा स्कॅनरवर ब्रेकचा सिग्नल बघा. मग ब्रेक दाबून लिव्हरखालच्या सोलेनॉइडला व्होल्टेज येतं का, ते मीटरने बघा. व्होल्टेज येतंय पण ‘टक्’ आवाज नाही, तर संशय सोलेनॉइडवर.

दुसरी उणीव म्हणजे गाडी कुठे उभी होती, हे कुणी विचारत नाही. तुळजापूरच्या घाटात हँडब्रेक न लावता गाडी नुसती ‘पी’त सोडली, तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या पार्किंगच्या खिट्टीवर येतं. लिव्हर जाम होतो. इंटरलॉक बिचारा निर्दोष.

(आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतोच, तिथे ब्रेकचा सिग्नल गेला की गाडी गिअर घेत नाही.)

लिव्हरजवळच्या झाकणाखालचं सुटकेचं बटण हे लोक उपाय म्हणून सांगतात, तेव्हा मला राग येतो. ती चाचणी आहे. हँडब्रेक ओढून बटण दाबलं आणि लिव्हर सुटला, तर दोष लॉकच्या बाजूला. रोज तसंच चालवणं म्हणजे ब्रेकवर पाय नसताना गाडी गिअरमध्ये जाऊ देणं. ऑडी 5000 आपोआप सुसाट सुटते म्हणून 1986 मध्ये अमेरिकेत गदारोळ झाला. 1989 च्या सरकारी अहवालाने मुख्य कारण दिलं ते ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाण्याचं. त्याच काळात ऑडीने हे लॉक बसवलं. पुढे उभ्या गाडीत खेळणाऱ्या मुलांच्या अपघातांमुळे तिथे 1 सप्टेंबर 2010 पासूनच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं.

आणि नवा स्विच टाकल्यावर गाडी सुरळीत झाली, तरी जुना फेकू नका. कनेक्टर काढून परत बसवल्यानेही सैल जोड सुधारतो. जुना पुन्हा लावा आणि बिघाड परत येतो का बघा.