अश्वाची आयाळ आणि ग्रंथाची साक्ष

झेनोफन या ग्रीक ग्रंथकाराचा अश्वारोहणावरील बारा प्रकरणांचा लहानसा ग्रंथ अश्वविद्येच्या इतिहासात सर्वत्र आदराने उल्लेखिला जातो, व तो आदर अस्थानी आहे असे कोणीही म्हणणार नाही. झेनोफनाचा काळ इ. स. पूर्वी सुमारे ४३० ते ३५४ हा होय. त्याच्या आधी अथेन्सच्या सायमनाने याच विषयावर लिहिले होते. पण त्या लेखनाचा अल्प अंशच आज उरला आहे. त्यामुळे ग्रीक भाषेतील या विद्येचा समग्र असा जुना ग्रंथ म्हणून अभ्यासकाला झेनोफनाकडेच वळावे लागते. परंतु ग्रंथाचा आदर करणे निराळे आणि त्याची साक्ष काढणे निराळे. या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात घोड्याच्या खराऱ्याचे, आयाळीचे व शेपटाचे जे नियम सांगितले आहेत, ते 'ग्रीकांची चाल अशी होती' याचा पुरावा म्हणून सरसहा उद्धृत केले जातात. ही रीत आम्हांस सदोष वाटते. ती का सदोष आहे, आणि त्या प्रकरणाचा खरा उपयोग कोणता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ग्रंथकार काय सांगतो ते पाहू. मोतद्दाराने साफसफाईस डोक्यापासून व आयाळीपासून आरंभ करावा, कारण वरचा भाग मळका असता खालचा स्वच्छ करणे व्यर्थ होय. अंगावर खराऱ्याची सर्व साधने वापरावी. परंतु पाठीच्या कण्यावर हातावाचून दुसरे साधन लावू नये व केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने हात फिरवावा, म्हणजे स्वाराच्या बैठकीची जागा दुखावणार नाही. डोके हाडांचे असल्यामुळे ते लोखंडाने वा लाकडाने न घासता पाण्याने धुवावे. कपाळावरची बट, आयाळ व शेपूट पाण्याने धुऊन वाढू द्यावी. पाय मात्र रोज भिजवू नयेत, कारण त्याने खुरांस अपाय होतो. पोटाखालची सफाईही कमी करावी, कारण ती घोड्यास नकोशी वाटते.

या नियमांतील प्रत्येकाचे कारण त्या काळच्या स्वारीत सापडते, हे लक्षात घेतले पाहिजे. ग्रीकांपाशी खोगीर नव्हते; उघड्या पाठीवर किंवा फार तर एखाद्या वस्त्रावर स्वार बसे. म्हणून कण्यावरील कातडीची एवढी चिंता. खुरांस खिळ्यांनी नाल ठोकण्याची चाल नव्हती. म्हणून खूर कठीण ठेवण्यासाठी पाण्याचा निषेध, आणि चौथ्या प्रकरणात तबेल्याच्या भुईवर दगडगोटे पसरण्याचा उपदेश. रिकीब नव्हती, म्हणून सातव्या प्रकरणात स्वाराने वर चढताना लगामाबरोबर आयाळही मुठीत धरावी असे सांगितले आहे. आयाळ लांब असावी, या मताचे मूळ येथे आहे. ग्रंथकार त्यास देवांच्या योजनेचा आधार देतो: गाढवाला व खेचराला डोळे राखण्यासाठी मोठे कान मिळाले, घोड्याला त्याऐवजी कपाळावरची बट मिळाली, शेपूट माशा वारण्यासाठी, आयाळ स्वाराच्या आधारासाठी व शोभेसाठी. योजना देवांची असो वा नसो, प्रत्येक केसाचे काम काय हे विचारण्याची त्याची दृष्टी मोलाची आहे.

आता दुसरी साक्ष घेऊ. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे बांधकाम इ. स. पूर्वी ४४७ ते ४३२ या अवधीत झाले. त्याच्या शिल्पपट्टावर घोडेस्वारांची जी प्रसिद्ध मिरवणूक कोरलेली आहे, तिच्यातील पुष्कळ घोड्यांची आयाळ लांब लोंबती नसून आखूड भादरलेली व मानेवर ताठ उभी राहिलेली आहे. नगर तेच, घोडदळ तेच, आणि काळाचे अंतर फार तर दोन-तीन पिढ्यांचे. तथापि पाषाण व ग्रंथ एकमेकांच्या विरुद्ध बोलतात.

या विरोधाची तीन उत्तरे संभवतात. मधल्या काळात चाल पालटली, हे पहिले. ते अशक्य नाही. पण झेनोफन आयाळ राखण्याचा उपदेश करिताना आपल्या तारुण्यापासून काही बदल झाल्याची खूणही देत नाही. शिल्पकाराने सोयीसाठी आयाळ आखूड केली, हे दुसरे. यात तथ्य दिसते. एकावर एक अशा घोड्यांच्या रांगा उथळ कोरीव कामात दाखवावयाच्या असता लोंबत्या आयाळींनी मानेची रेषा व स्वाराचे हात झाकून टाकले असते. पण डोळ्यांसमोर अशी आयाळ कधीच नसती, तर शहरभर घोडे ओळखणाऱ्या लोकांपुढे शिल्पकाराने ती कोरली असती काय? तिसरे उत्तर असे, की दोन्ही चाली एकाच वेळी नांदत होत्या. आमच्या मते हेच ग्राह्य आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द झेनोफनानेच नकळत दिला आहे.

तो पुरावा असा. आयाळीची थोरवी सांगताना झेनोफन म्हणतो की, कळपातील घोड्या जोवर आयाळीने शोभतात तोवर गाढवाशी संग करू देत नाहीत. म्हणून खेचरांची पैदास करणारे लोक घोड्यांची आयाळ कापून टाकितात. ॲरिस्टॉटलनेही प्राण्यांच्या इतिहासात आयाळ कापण्याने घोडीची कामेच्छा मंदावते अशी समजूत नोंदविली आहे. दोघांची कारणे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही निराधार आहेत. परंतु कारण खोटे असले तरी कृती खोटी ठरत नाही. आयाळ कापण्याची चाल ग्रीकांत होती, ती विशिष्ट कामासाठी होती, आणि झेनोफनास ती ठाऊक होती, इतके यावरून निर्विवाद सिद्ध होते. जो ग्रंथ लांब आयाळीचा पुरावा म्हणून दाखविला जातो, तोच भादरलेल्या आयाळीचाही पुरावा आहे.

येथे ग्रंथपरीक्षणाचा एक सामान्य नियम स्मरावा. उपदेशपर ग्रंथ जे आग्रहाने सांगतो ते सर्वत्र घडत असते असे नव्हे. बहुधा ते घडत नसते म्हणूनच सांगावे लागते. आपल्या वाचकांस हे नवे नाही. चिपळूणच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांस गेलेल्या शिवकालीन पत्रात दाणा-वैरण जपून वापरण्याची व आगीविषयी सावध राहण्याची जी ताकीद आहे, तिच्यावरून छावणीत सर्व जण सावध होते असे अनुमान आपण काढीत नाही. उलट हयगयीचे भय होते असेच काढितो. तोच न्याय अथेन्सच्या ग्रंथकारास लावण्यास प्रत्यवाय नसावा.

मग आयाळ केव्हा राखीत व केव्हा भादरीत, याचा निर्णय कशाने होतो? स्वारीच्या प्रकाराने, असे आमचे उत्तर आहे. व अन्य देशांचे दाखले त्यास पुष्टी देतात. निनवे येथील असुरबानिपालाच्या सिंहशिकारीच्या शिल्पांत, म्हणजे इ. स. पूर्वी सातव्या शतकात, घोड्यांची शेपटे मध्यावर बांधलेली आहेत. अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील थडग्यांत बर्फामुळे घोड्यांची शरीरेच टिकून राहिली. त्यांची आयाळ भादरलेली व शेपटे गुंफलेली आढळली. धावत्या घोड्यावरून धनुष्य चालविणाऱ्यास मोकळी आयाळ अडथळा करिते, हा तर्क येथे सयुक्तिक वाटतो. चीनच्या तांग वंशातील ताइत्सुंग सम्राटाने आपल्या सहा रणाश्वांची शिल्पे समाधीसाठी कोरविली. त्यांपैकी चार आज शीआन येथे व दोन अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आहेत. त्या घोड्यांची आयाळ तीन ताठ झुपक्यांत कापलेली व शेपूट आवळून बांधलेले आहे. शेपूट बांधण्यात रणांगणाची गरज दिसते. तीन झुपके मात्र गरजेच्या पलीकडचे, मानाचे लक्षण वाटतात. गरज आणि मान ही दोन्ही एकाच घोड्याच्या अंगावर वाचता येतात, हे या शिल्पांचे महत्त्व.

आधुनिक स्वारीतही हाच भेद चालू आहे. पोलोच्या तट्टाची आयाळ मुळापासून भादरतात व शेपूट वेणी घालून वर बांधतात, कारण काठी व लगाम केसांत अडकल्यास स्वार व घोडा दोघांचाही घात होण्याचा संभव असतो. इंग्रजी शिकारीच्या व प्रदर्शनाच्या घोड्याची आयाळ उपटून विरळ करितात, तिच्या लहान वेण्या बांधितात आणि शेपटाचे टोक सरळ रेषेत कापितात. अरबी घोडा आयाळ व शेपूट लांब राखूनच पुढे आणितात. ब्रिटनमधील डोंगराळ प्रदेशांची देशी तट्टे शक्य तितकी नैसर्गिक ठेवून दाखविण्याची प्रथा आहे. नॉर्वेच्या फ्योर्ड जातीच्या घोड्याची आयाळ कमानीसारखी कापितात, म्हणजे मधला काळा पट्टा दोन्ही बाजूंच्या फिक्या केसांवर उठून दिसतो. यांतील पहिली चाल गरजेची, शेवटची केवळ शोभेची, व मधल्या दोहोंच्या मिश्रणाच्या आहेत. पण चाल एकदा रूढ झाली की ती पाळणारास सर्वच चाली सारख्याच आवश्यक वाटू लागतात, आणि शेजारच्या स्वारीतील घोडा अव्यवस्थित दिसू लागतो. वेणी घातलेल्या घोड्याचा अभिमानी मोकळ्या आयाळीस आळस म्हणतो. मोकळ्या आयाळीचा अभिमानी वेणीस डौल म्हणतो. दोघेही आपल्या कामाचा नियम सर्व अश्वजातीचा नियम समजतात.

हा मतभेद केसांपुरता राहिला असता तर त्याविषयी इतके लिहिण्याचे कारण नव्हते. केस पुन्हा वाढतो. हाड वाढत नाही. इंग्लंडात गाडीच्या व शिकारीच्या घोड्यांची शेपटे हाडासकट तोडण्याची चाल दीर्घकाळ होती. लगाम शेपटाखाली अडकून गाडी उधळते, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. कारण सर्वस्वी खोटे नव्हते. पण ज्यांच्या पाठीमागे गाडी नाही अशा स्वारीच्या घोड्यांचीही शेपटे तुटू लागली, तेव्हा गरज संपून केवळ तऱ्हा उरली हे उघड आहे. जॉर्ज स्टब्जने १७६२ च्या सुमारास रंगविलेला व्हिसलजॅकेट हा घोडा भरघोस शेपटासह दिसतो. त्याच चित्रकाराच्या शिकारी घोड्यांच्या चित्रांत आखूड शेपटे आढळतात. दोन चित्रांतील हा फरक काळाचा नव्हे, कामाचा आहे. केवळ शेपटावरून चित्राचा काळ ठरविणारास येथे चांगलाच धडा मिळतो. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲना स्यूएलच्या 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरीत सर ऑलिव्हर नावाचा म्हातारा घोडा आपले शेपूट तोडल्याची हकीगत सांगतो, व माशा वारता न येण्याचे दुःख बोलून दाखवितो. झेनोफनाने शेपटाचे जे काम सांगितले, तेच कादंबरीकर्तीने घोड्याच्या मुखी घातले आहे. ब्रिटिश पार्लमेंटने ही चाल १९४९ च्या कायद्याने निषिद्ध केली व तो कायदा १९५० च्या आरंभी अंमलात आला. ग्रंथातील एका वाक्याचे तात्पर्य कायद्यात उतरण्यास तेवीसशे वर्षे लागली.

तोंडाभोवतीच्या राठ केसांची गोष्टही तशीच आहे. चेहरा रेखीव दिसावा म्हणून ते कापण्याची प्रथा प्रदर्शनाच्या व स्पर्धांच्या घोड्यांत फार दिवस होती. वस्तुतः या केसांच्या मुळाशी पुष्कळ मज्जातंतू असतात, आणि घोड्यास स्वतःच्या नाकाखालचे दिसत नसल्यामुळे चारा-पाणी चाचपण्यास ते त्याच्या कामी येतात. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेल्या घोड्यास आपल्या स्पर्धांत मज्जाव केला आहे.

झेनोफनाचा दोषही सांगितला पाहिजे. केसाचे काम काय, हा प्रश्न त्याने विचारिला. पण काम कोणाचे, हा प्रश्न त्याने वेगळा काढिला नाही. शेपूट माशा वारते हे घोड्याचे काम. आयाळ मुठीत येते हे स्वाराचे काम. ती शोभते हे पाहणाराचे काम. तिन्ही त्याने देवांच्या एकाच योजनेत गोवली, आणि त्यामुळे आपल्या स्वारीची सोय ती निसर्गाचीच आज्ञा असा भास उत्पन्न केला. रिकीब आल्यावर आयाळीचा आधार अनावश्यक झाला. त्याबरोबर त्याच्या विधानाचा तेवढा भागही गळून पडला. शेपटाविषयीचा भाग मात्र आजही उभा आहे, कारण माशा अद्याप आहेत.

तात्पर्य, जुन्या शिल्पात, चित्रात वा ग्रंथात घोड्याची आयाळ व शेपूट पाहून काळ, देश वा वंश ठरविण्यापूर्वी तो घोडा कोणत्या कामाचा आहे हे अभ्यासकाने आधी ठरवावे. आपल्याकडील पागांची चित्रे वाचतानाही हा नियम उपयोगी पडेल. मिरवणुकीचा कोतवाल घोडा व मोहिमेचा घोडा यांचे केस एकाच मापाने मोजता येणार नाहीत. आणि ज्यांच्या हाती आज खरारा व कात्री आहे, त्यांनी आपल्या चालीचे तीन भाग करून पाहावेत: घोड्यासाठी किती, स्वारासाठी किती व पाहणारासाठी किती. तिसरा भाग पहिल्याच्या आड येत नाही तोवर चाल खुशाल चालावी. आड येईल तेथे ती कितीही जुनी असली तरी सोडावी, असे आमचे मत आहे.