अक्षरांची मालकी

आंबेडकरी चळवळीने छापखाना हा कधीही केवळ यंत्राचा प्रश्न मानला नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे मोजून दिलेली जाहिरातही छापली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी भारतभूषण छापखाना उभा केला. ज्याच्या हाती खिळे त्याच्या हाती शब्द, हा यातला धडा.

आज खिळे गेले, संगणकाचे फाँट आले. मालकीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. तो दिसेनासा झाला आहे. युनिकोड हा सामाईक संकेत १९९१ साली आला. तरीही मराठी डीटीपीची पॅकेजे पुढे कित्येक वर्षे आपापल्या खाजगी संकेतांवर चालली. एका कंपनीने 'क' जेथे ठेवला, तेथे दुसरीने वेगळेच अक्षर ठेवले. तो विशिष्ट फाँट नसेल तर सबंध मजकूर रोमन चिन्हांचा केरकचरा दिसतो. काही पॅकेजे तर संगणकाला डाँगल लावल्याशिवाय चालत नसत. कविता आपली, कुलूप दुसऱ्याचे.

याला पर्याय आपल्या परिसरातच घडला. १९८५ साली स्थापन झालेली एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली; त्या सी-डॅकचे एक केंद्र आज नवी मुंबईत, खारघर स्थानकासमोर आहे. लिनक्सवर भारतीय लिप्या चालाव्यात म्हणून एनसीएसटीने 'इंडिक्स' केले. तेथेच अक्षरकार र. कृ. जोशी यांचा 'रघु' हा फाँट झाला आणि तो मुक्त परवान्याने सर्वांना मिळाला. मायक्रोसॉफ्टचा 'मंगल'ही जोशींच्याच हातचा. हात एकच, एक अक्षर कंपनीचे, दुसरे कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे असे.

येथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' फाँटही मुक्त आहे. त्याच्या आधारे आयआयटी मुंबईत 'शोभिका' घडवला गेला, तो मुख्यतः संस्कृतसाठी. यात गैर काही नाही. परवान्याने दिलेला हक्कच तो. पण ज्यांच्या घरी विद्या आधीपासून नांदते, तेच खुल्या दारातून आधी आत जातात, हेही त्यातून दिसते.

रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. प्रोग्राम वाचण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य हा तिचा गाभा. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. पण वाचता येणाऱ्यालाच ते उपयोगी. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, १९२४ साली महाड नगरपालिकेनेही केला. पाणी मात्र १९२७ साली ओंजळीने घ्यावे लागले. ही तुलना फार ताणू नये. परवाना कोणाची जात विचारत नाही. पण इंग्रजी, सवड आणि घरातला संगणक यांची वाटणी आपल्याकडे बव्हंशी जन्मानेच झालेली आहे.

म्हणून मुक्त परवाना हा आपल्यासाठी ठराव आहे, सत्याग्रह अजून व्हायचा आहे. वाशी, कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी कामगारांची मुले आज संगणकशास्त्र शिकतात. त्यांना भाड्याच्या सॉफ्टवेअरची बटणे दाबणारे कारकून करायचे की अक्षरांचे धनी, हे महाविद्यालयांनी ठरवावे. सुरुवात साधी आहे: आपल्या नियतकालिकांचे कुलूपबंद जुने अंक युनिकोडमध्ये आणावेत, आणि ते रूपांतर करणारा प्रोग्राम या मुलांनीच लिहावा.