श्राव्य कथा आणि मुलाचा वाटा

मुलांना गोष्ट सांगणे आणि मुलांसाठी गोष्ट ध्वनिमुद्रित करणे ही दोन्ही कामे एकच, अशी समजूत अलीकडे रूढ झालेली दिसते. कथा बरी, आवाज गोड, मागे थोडे संगीत, की श्राव्य कथा सिद्ध झाली! पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी मराठीत निघणाऱ्या अशा कथांपैकी बऱ्याच या समजुतीवर उभ्या आहेत, आणि आमच्या मते त्यांचे वैगुण्यही तेथेच आहे.

गोष्ट सांगणाऱ्यापुढे मूल बसलेले असते. त्याचे डोळे विस्फारले की सांगणारा थबकतो. ते चुळबुळू लागले की वर्णन आटोपते घेतो. यंत्राला हे दिसत नाही. तेव्हा सांगणारा जे आयत्या वेळी करतो, त्याची तजवीज लेखकाने संहितेतच केली पाहिजे. आपली चिमणी-कावळ्याची कथा पाहावी. भिजलेला कावळा दार ठोठावतो. चिमणी कधी बाळाच्या न्हाण्याची, कधी अंगड्याची, कधी तीट लावण्याची सबब सांगते. दोन-तीन वेळा ऐकले की पुढली सबब मूलच पुरवू लागते. श्रोत्याची जागा तेथे रचनेतच राखलेली आहे. आजच्या मुद्रणांत ती जागा वाद्यमेळ बळकावतो.

निकाराग्वात १९७४ साली रेडिओवरून प्राथमिक गणित शिकविण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक प्रश्नानंतर मुद्दाम विराम ठेवीत, आणि वर्गातली मुले मोठ्याने उत्तर देत. गणिताला जे साधले ते गोष्टीला का साधू नये?

दुसरा दोष तात्पर्याचा. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. त्यांनी गोष्टीच्या हेतूंत आनंदाला पहिले स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हाच विचार मराठीत रुजविला. तरीही आमच्या श्राव्य कथा शेवटी उपदेशाचे वाक्य उच्चारल्याखेरीज रजा घेत नाहीत.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. ग्वाल्हेरातील हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतले मराठी मूल शाळेत हिंदी वा इंग्रजी शिकते. मराठी त्याला मुख्यतः घरात, कानांनीच मिळते. देवनागरी त्याला वाचता येते, पण ती येथे अपुरी पडते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिपीत एकच, उच्चारात दोन. दुसरा हिंदीत नाही. ‘बाळ’मधला ळही प्रमाण हिंदीत नाही. कोंकणीची अडचण याहून मोठी: ए-ओंचे विवृत-संवृत भेदही तिची देवनागरी दाखवीत नाही. जे छापील पान देऊ शकत नाही ते श्राव्य कथा देऊ शकते. मात्र मूल स्वतः ‘बाळ’ म्हणेल इतकी उसंत तिने दिली पाहिजे.

म्हणून निर्मात्यांना आमचे सांगणे एवढेच: उच्चार शुद्ध असणारा निवेदक निवडावा, वाद्ये कमी करावीत, तात्पर्य गाळावे. आणि मुद्रण पक्के करण्यापूर्वी ते दहा-बारा मुलांना ऐकवावे. मुले कोठे बोलू पाहतात ते टिपून घ्यावे, आणि तेथे निवेदकाला गप्प बसवावे.