चित्रकथीतील राक्षस आणि त्याची वाणी

इंद्रजिताचा तुटलेला हात सुलोचनेच्या अंगणात येऊन पडतो. हा हात खरोखरीच आपल्या पतीचा असेल तर त्याने घडलेला वृत्तांत लिहून दाखवावा, असे ती म्हणते, आणि हात लिहू लागतो. पुढे रामाच्या छावणीत ती शिर मागावयास जाते, तेव्हा वानरांची शंका फिटावी म्हणून ते शिर हसते. वाल्मीकीच्या रामायणात ही कथा नाही. मराठी श्रोत्यांस ती परिचित झाली ती श्रीधरांच्या ‘रामविजया’मुळे (१७०३) आणि कीर्तनकार व चित्रकथी यांच्या मुखाने. पैठण परिसरात मिळाली म्हणून ‘पैठण शैली’ या नावाने जी चित्रे ओळखली जातात, त्यांतही सुलोचनेचे आख्यान आहे. या प्रसंगात राक्षस लिहितो, हसतो. बोलत मात्र नाही. त्याच्या वतीने बोलावयाचे ते चित्रकथ्याने.

चित्रे दाखवून कथा सांगण्याची ही रीत जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख सापडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांनी ती आजवर राखली आहे. सुट्या पानांच्या संचास ते ‘पोथी’ म्हणतात. वस्तुतः तीत वाचावयाचे असे काही नसते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात; एक बाजू दाखवून झाली की पान उलटावयाचे. वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीने कथा पुढे सरकते. येथील भाषेचा सारा भार ‘हा’, ‘ही’, ‘इकडे’, ‘आता’ अशा दर्शक शब्दांवर असतो, आणि या शब्दांना अर्थ येतो तो पानाकडे वळलेल्या बोटामुळे. हाताने लिहिलेले पत्र प्रेक्षकांस दुरून वाचता येणे शक्यच नसते. ते चित्रकथी वाचून दाखवितो, म्हणजे पाठ म्हणतो. मृताचे लेखन जिवंत माणसाच्या तोंडून ऐकू येते, यातच त्या प्रसंगाचा करुणरस आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी अशी चित्रे जतन केली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि पान काचेआड लावले की त्याची एक बाजू भिंतीकडे जाते आणि प्रेक्षक एका कथेच्या अर्ध्याच भागासमोर उभा राहतो. रेषा, रंग, राक्षसाचे वटारलेले डोळे यांचे वर्णन करून समीक्षकही थांबतो. ‘लोककला’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा पडतो.

जपानी चित्रपटांची, म्हणजे गुंडाळी करून ठेवावयाच्या लांब चित्रपट्टांची, गोष्ट वेगळी आहे. शुतेन दोजी या मद्यप्रिय राक्षसाच्या कथेचे कानो मोतोनोबूने १५२२ च्या सुमारास चितारलेले पट तोक्योच्या सनटोरी कलासंग्रहालयात आहेत. २०२५ साली तेथे त्यांचेच प्रदर्शन भरले होते. या पटांत चित्र आणि मजकूर आलटून पालटून येतात. काचेआड गेल्यावरही कथेचे शब्द चित्राशेजारीच राहतात. राइको व त्याचे साथी यात्रिक तपस्व्यांचा वेष घेऊन राक्षसाच्या घरी जातात, त्यास मद्य पाजतात आणि निद्रिस्त असताना त्याचा शिरच्छेद करतात. तुटलेले शिर उडून राइकोच्या शिरस्त्राणाचा चावा घेते. प्रचलित पाठात मरता मरता तो राक्षस आपणास फसविल्याचा दोष वीरांस देतो. कपट हा राक्षसांचा धर्म नव्हे, असे त्याचे म्हणणे. इंद्रजितही निकुंभिलेत यज्ञास बसला असता बिभीषणाने मर्म सांगितल्यावरूनच गाठला जातो. तक्रारीस जागा दोघांसही आहे. जपानी राक्षसाची तक्रार मात्र शब्दांत उतरली.

मराठी राक्षसाच्या वाणीचे दुसरे स्थान सांगली. विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. या नाटकांत सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे प्रसंगास अनुरूप भाषण आयत्या वेळी करीत. राक्षस येत ते ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत. पुढच्या पिढीने या आरोळीवरूनच त्या नाटकांची थट्टा केली. थट्टा समजण्याजोगी असली तरी उतावीळ होती. या आरोळीत अर्थवाही शब्द एकही नाही. ‘ल’ची पुनरुक्ती आणि शेवटी लांबविलेला कंपित ‘र’ एवढेच आहे.  भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली छापून निघाला, तेव्हा पद्ये ग्रंथात आली आणि राक्षसांची भाषणे बाहेर राहिली. ग्रंथाने जे सांगलीच्या राक्षसाचे केले, तेच संग्रहालयाची काच चित्रकथीच्या राक्षसाचे करीत आहे.

पिंगुळीस परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात उभारलेल्या ‘ठाकर आदिवासी कला आंगणा’त चित्राजवळ कथा सांगणारा माणूस भेटतो. शहरातील संग्रहालयांस इतके साधले नाही तरी पान दोन्ही बाजूंनी दिसेल अशा चौकटीत उभे करणे आणि त्या आख्यानाचा गायिलेला पाठ ध्वनिमुद्रित करून शेजारी ऐकविणे कठीण नाही. विद्यापीठीय अभ्यासकांचे काम त्याहून निकडीचे आहे. चित्रांच्या सूच्या होत आहेत. पाठांच्या अद्याप व्हावयाच्या आहेत, आणि ते पाठ ज्यांना मुखोद्गत आहेत ती माणसे वृद्ध होत चालली आहेत.